वनस्पती नेली, रीत मागे राहिली

१७७० साली कॅप्टन जेम्स कुक यांचं ‘एंडेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर आदळलं आणि डागडुजीसाठी एका नदीच्या मुखाशी कित्येक आठवडे अडकून पडलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या विझलेल्या शेकोट्यांभोवती खलाशांना सायकड नावाच्या झाडाच्या बियांची टरफलं दिसली. म्हणजे हे खातात, असा सरळ हिशेब करून काहींनी एक-दोन बिया तोंडात टाकल्या. ओकाऱ्या आणि जुलाबांनी ते आडवे झाले. जहाजावरच्या डुकरांनीही बिया खाल्ल्या, ती मेलीच. सोबत असलेले निसर्ग-अभ्यासक जोसेफ बँक्स यांनी हा प्रकार रोजनिशीत लिहून ठेवला आहे.

हिशेब तसा चुकला नव्हता, अपुरा होता. तिथले लोक त्या बिया खरोखरच खात. पण फोडून, कुटून, वाहत्या पाण्यात कित्येक दिवस बुडवून ठेवून, नाहीतर महिनोन्‌महिने आंबवून. बियांमधलं विष पाण्यात विरघळतं. ते पुरेसं धुऊन गेलं की पोटभरीचा पिष्टमय गर उरतो. टरफलं बघून यातलं काहीच कळत नाही.

पारंपरिक समाज आणि वनस्पती या विषयावर आजही बरंचसं लेखन टरफलं मोजणारंच असतं. अमुक जमात तमुक मुळी तापावर देते, अमुक बेटावर तमुक पानाने जखम बांधतात. या अभ्यासाला लोकवनस्पतीशास्त्र म्हणतात. अमेरिकी वनस्पतीतज्ज्ञ जॉन हार्शबर्गर यांनी १८९५ मध्ये या शाखेचं नामकरण केलं. सुरुवातीची कित्येक दशकं तिचं मुख्य काम अशा याद्या बनवण्याचंच होतं. याद्या हव्यातच. पण वनस्पतीचं नाव आणि तिचा उपयोग या दोन रकान्यांच्या मधे जे असतं, म्हणजे कोणत्या ऋतूत काढायची, कुठला भाग घ्यायचा, किती वेळ भिजवायची, कुणी हात लावायचा आणि कधी अजिबात लावायचा नाही, तेच खरं ज्ञान. मी त्याला साधा शब्द वापरतो: रीत.

रीत म्हणजे काय ते कसाव्यावरून चांगलं कळतं. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं कंदमूळ. आज उष्ण प्रदेशांतल्या कोट्यवधी लोकांचं ते रोजचं अन्न आहे. त्याच्या कडू वाणांत सायनाइडचा सगळा सरंजाम तयार असतो. पेशीच्या एका कप्प्यात लिनामारिन नावाचं रसायन आणि त्याला फोडणारं विकर दुसरीकडे. कंद अखंड असतो तोवर दोघांची गाठ पडत नाही. तो चावला, ठेचला की पडते, आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो.

अ‍ॅमेझॉनच्या वायव्य भागातल्या तुकानो समाजांत हे काम बायकांकडे असतं. कंद सोलून त्या खरखरीत फळीवर बारीक किसतात. खरं तर किसल्यामुळेच विष मोकळं होतं, पण मोकळं झाल्याशिवाय ते घालवताही येत नाही. मग तो ओला कीस तिपिती नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरतात. तिचं वरचं टोक टांगायचं आणि खालच्या टोकात दांडा घालून तो दाबायचा. वीण तिरकी असल्यामुळे ताण पडला की नळी लांबते, त्याचबरोबर अरुंद होते, आणि आतला रस पिळून बाहेर येतो. उरलेला चोथा तव्यावर भाजतात. हायड्रोजन सायनाइड २६ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतो, त्यामुळे तव्यावर तो टिकतच नाही. पिळून निघालेला रसही टाकत नाहीत. भरपूर उकळून तो वापरता येतो.

गोडे वाण उपलब्ध असताना एवढा खटाटोप कशाला? कारण कडव्या कंदांच्या वाटेला किडी आणि जनावरं कमी जातात. पीक जमिनीत राखून ठेवता येतं आणि लागेल तसं उपटता येतं. विष हा त्या शेतीचा राखणदार आहे, आणि त्याला दारात कधी उभं करायचं व कधी हाकलायचं हे त्या बायकांना माहीत आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कसावा आफ्रिकेत नेला. तिथल्या समाजांनी पुढे स्वतःच्या रीती बसवल्या. मध्य आफ्रिकेत कंद तीन-चार दिवस पाण्यात मुरवतात, तेवढ्यात ते मऊ पडतात आणि विष ओसरतं. तरीही १९३८ मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोमधून एका आजाराची नोंद झाली. धडधाकट माणसाचे, विशेषतः बायका-मुलांचे, दोन्ही पाय एकाएकी ताठरतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. त्याला कोंझो म्हणतात. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा हजाराहून जास्त लोकांना त्याने गाठलं. दुष्काळात कंदातलं विष वाढतं, जोडीला खायला प्रथिनं नसतात आणि भूक चार दिवस थांबू देत नाही. तिथल्या बायका रीत विसरल्या नव्हत्या. ती पाळायला लागणारं पाणी आणि सवड त्यांच्याकडे उरली नव्हती. पारंपरिक ज्ञान ‘हरवतं’ असं आपण म्हणतो तेव्हा नेहमी स्मरणशक्तीचाच दोष असतो असं नाही.

मक्याची गोष्ट याच्या उलट्या बाजूने जाते. मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसाने मका घडवायला घेतला. तिथले आणि आसपासचे लोक मक्याचे दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, भिजवून मगच दळत. याने साल सुटते, पीठ चिकट होतं, मळायला सोपं जातं. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना बहुधा एवढंच दिसत होतं आणि एवढंच पुरेसं होतं. त्यांना न दिसणारी गोष्ट अशी की मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या अवस्थेत असतं आणि नुसत्या शिजवण्याने शरीराला मिळत नाही. चुन्याच्या क्षाराने ते मोकळं होतं.

युरोपीय लोकांनी मका नेला, चुना मागे ठेवला. त्यांच्याकडे जाती होती, गिरण्या होत्या, साल काढायला दुसरे मार्ग होते; मग चुन्याची भानगड कोण करणार? १७३५ मध्ये गास्पार कासाल या डॉक्टरांनी स्पेनच्या अस्तुरियास भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांमधला एक नवा रोग टिपला. त्वचा काळवंडून सोलपटते, जुलाब लागतात, पुढे बुद्धी भ्रमते आणि माणूस दगावतो. हा पेलाग्रा. उत्तर इटलीत त्याने पिढ्या पोखरल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हजारोंचा बळी घेतला. तो संसर्गजन्य आहे असंच बहुतेक तज्ज्ञ मानत. अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून चिकाटीने दाखवून दिलं की दोष आहाराचा आहे; कुठल्या जीवनसत्त्वाचा, ते १९३७ मध्ये उलगडलं. या सगळ्या काळात मेक्सिकोतले मका खाणारे लोक या रोगापासून बऱ्याच अंशी दूर होते, आणि त्यांना ‘का’ असं विचारलं असतं तर त्यांनी पीठ चांगलं मळलं जातं असं उत्तर दिलं असतं.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट इथे आहे. रीतीचं सांगितलं जाणारं कारण आणि रीतीचा खरा फायदा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. बाहेरून येणाऱ्याला कारण किरकोळ वाटलं की तो रीत गाळतो. उलट, प्रत्येक रीतीच्या पोटात काहीतरी गहन विज्ञान दडलेलं असणारच असं धरून चालणाराही तितकाच फसतो.

विष घालवायच्या या रीती सुचल्या तरी कशा? प्रयोग करत, चुकत-माकत, असं उत्तर दिलं जातं. ते अर्धंच आहे. माणसाच्या जिभेला कडवटपणा फार थोड्या प्रमाणातही कळतो आणि बरीच वनस्पतिजन्य विषं कडू असतात. म्हणजे धुण्याआधी आणि धुतल्यावर चाखून पाहणं ही एक मोजणीच झाली. अँडीज पर्वतात कडू रानबटाट्यांसोबत विशिष्ट माती खाण्याची पद्धत आहे. ती माती विषारी द्रव्यांना धरून ठेवते, आणि खाणाऱ्याला लगेच जाणवतं ते हे की तोंड कडवट होत नाही, पोटात मळमळत नाही. झटपट मिळणाऱ्या अशा उत्तरांवर अनुभव भराभर शिकतो.

सावकाश येणारी उत्तरं मात्र अनुभवाच्या हातून निसटतात. अ‍ॅरिस्टोलोकिया वंशाच्या वनस्पती युरोपपासून चीनपर्यंत शतकानुशतकं औषधात होत्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या वनौषधींत ही वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे हेही सिद्ध झालं की तिच्यातलं आम्ल मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. औषध घेतल्यावर कित्येक वर्षांनी येणाऱ्या आजाराचं नातं त्या मुळीशी जोडणं कुठल्याही वैदूला शक्य नव्हतं. त्यामुळे ‘हजारो वर्षं वापरात आहे’ हे तत्काळ विषबाधेबाबत चांगलं प्रमाणपत्र आहे आणि कर्करोगाबाबत जवळजवळ काहीच नाही.

आता नावांकडे वळू, कारण रीत साठवण्याची पहिली जागा भाषा असते. मानववंशशास्त्रज्ञ हॅरॉल्ड कॉन्क्लिन यांनी १९५०च्या दशकात फिलिपिन्समधल्या मिंदोरो बेटावरच्या हानुनो लोकांचा अभ्यास केला. फिरती शेती करणारा हा समाज सोळाशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती नावानिशी वेगळ्या ओळखत होता. त्याच वनस्पतींच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या जाती बाराशेच्याही आत बसत होत्या. जिथे वनस्पतीतज्ज्ञाला एक जात दिसते तिथे शेतकऱ्याला तिचे कित्येक वाण दिसतात, कारण पेरायचं त्याला असतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या २३६ भाषांमधले औषधी वनस्पतींचे १२,४९५ उपयोग तपासले गेले. त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त उपयोग एकेकाच भाषेत ठाऊक होते. झाड दहा भाषांच्या प्रदेशात उगवत असेल, पण ते कशावर चालतं हे एकाच भाषेतल्या लोकांना माहीत असतं. ती भाषा गेली तर झाड जागेवर राहूनही उपयोग जातो.

दुसरी जागा नात्याची. न्यूझीलंडचे माओरी लोक हाराकेके नावाच्या लांब पात्यांच्या झुडपापासून टोपल्या, चटया, दोर बनवतात. एका पंख्यासारख्या जुडग्यात मधोमध कोवळा कोंब असतो, तो मूल. त्याला दोन्ही बाजूंनी बिलगलेली पाती म्हणजे आईबाप. ही तिन्ही कापायची नाहीत. बाहेरची जुनी पाती म्हणजे आजी-आजोबा. कापायची ती तीच, तिरकी, बुडाशी. वनस्पतीच्या अंगाने पाहिलं तर वाढीचा बिंदू मध्यभागी असतो आणि लगतची पाती त्याला जपतात. तो तुटला की ते जुडगं संपलं. पण लहान मुलाला वाढीचा बिंदू समजावत बसण्यापेक्षा आईबापाला मुलापासून तोडू नये म्हणणं कितीतरी सोपं, आणि ते विसरणंही कठीण. तरी या नात्याकडे नुसती पाठांतराची युक्ती म्हणून पाहू नये. माओरी परंपरेत झाडं आणि माणसं एकाच वंशावळीत बसतात, आणि ते कुटुंब त्यांच्यासाठी खरं आहे. आपण बाहेरचे लोक उपयोग वेगळा काढून ठेवतो आणि श्रद्धा बाजूला सारतो. रीत पाळणाऱ्याच्या मनात ती फाळणी नसते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर तर या नात्याचा कोर्टात पुरावा झाला. तिथले आदिवासी समाज लाल सीडर वृक्षाच्या सालीपासून कापड, दोर आणि चटया विणत. साल काढताना बुंध्याच्या एका बाजूला खाच घ्यायची आणि पट्टा वरपर्यंत ओढत न्यायचा. बाकीची साल शाबूत राहते आणि झाड पुढे शतकानुशतकं जगतं. जखमेच्या कडेने नवं लाकूड वाढतं, त्यामुळे वर्तुळं मोजून साल कोणत्या वर्षी काढली ते सांगता येतं. १९८०च्या दशकात मिअर्स बेटावर वृक्षतोड होणार होती, तेव्हा नू-चा-नुल्थ लोकांनी अशी व्रण असलेली झाडं दाखवली: हे निर्मनुष्य रान नाही, आमच्या वापरातलं आहे. १९८५ मध्ये न्यायालयाने तोडीला मनाई केली. ‘आदिम’ म्हणून ज्या जंगलांचे फोटो निघतात त्यांतल्या बऱ्याच जंगलांवर माणसाचा हात फिरलेला आहे. कॅलिफोर्नियात कारुक आणि युरोक लोक हेझलची झुडपं ठरावीक काळाने मुद्दाम जाळत, कारण जळाल्यानंतर फुटणारे धुमारे सरळ आणि लवचिक असतात. वाकड्या, किडक्या काडीची टोपली होत नाही. सरकारने अशा आगी बंद पाडल्या. टोपल्यांसाठी चांगल्या काड्या मिळेनाशा झाल्या आणि रानात वाळकं जळण साठत गेलं. अलीकडे मोठमोठ्या वणव्यांनी हात पोळल्यावर तिथले कायदे थोडे सैल होऊ लागले आहेत.

औषधांच्या बाबतीत गोष्टी फार रंगवून सांगितल्या जातात. सदाफुलीचंच बघा. मादागास्करच्या वैदूंनी कर्करोगावरचं औषध जगाला दिलं, असं सर्रास वाचायला मिळतं. प्रत्यक्षात लोकपरंपरेत ती मधुमेहासाठी वापरली जायची. १९५०च्या दशकात कॅनडात मधुमेहासाठीच तिची तपासणी सुरू होती, तेव्हा उंदरांच्या पांढऱ्या रक्तपेशी घटताना दिसल्या आणि तिथून रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांचा माग लागला. परंपरेने बोट दाखवलं ते एका झाडाकडे. आजार दुसराच निघाला.

चीनमधल्या संशोधक तू यूयू यांच्या कामात मात्र रीतच कळीची ठरली. १९६७ मध्ये तिथे मलेरियावर नव्या औषधाचा शोध सुरू झाला. जुन्या ग्रंथांतले दोन हजारांहून अधिक नुस्खे चाळल्यावर चिंगहाओ ही वनस्पती आशादायक वाटली, पण प्रयोगांचे निकाल कधी चांगले, कधी वाईट. तू यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग यांचा नुस्खा पुन्हा वाचला. मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. त्यात उकळायला सांगितलेलंच नव्हतं, आणि प्रयोगशाळेत मात्र काढा करताना ती तापवली जात होती. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदरांमधल्या मलेरियावर शंभर टक्के लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन आलं, आणि २०१५ चं नोबेल.

राहिला हक्काचा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक लांबच्या शिकारीवर भूक मारण्यासाठी हुडिया नावाची काटेरी वनस्पती चघळत. १९९०च्या दशकात तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने तिच्यातल्या द्रव्याचं पेटंट घेतलं आणि परदेशी कंपन्यांना परवाने दिले. सान लोकांना कुणी विचारलं नव्हतं. बभ्रा झाल्यावर २००३ मध्ये लाभात वाटा देण्याचा करार झाला. पण उत्पादन बाजारात उभंच राहिलं नाही, आणि २००८ मध्ये मोठी कंपनी बाहेर पडल्यावर वाटायला फारसं काही उरलं नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीने जखम भरण्यावर दिलेलं पेटंट भारताच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लेखी पुरावे सादर करून १९९७ मध्ये रद्द करवलं. तिथे संस्कृत ग्रंथ कामी आले. ज्यांचं ज्ञान फक्त तोंडी आहे त्यांनी काय दाखवायचं? लिहून काढलं तर ते चोरीला खुलं होतं, नाही लिहिलं तर पुरावा नाही.

१९९२ च्या जैवविविधता करारानंतर २०१० मध्ये नागोया प्रोटोकॉल ठरला आणि २०१४ पासून तो अमलात आहे: वापरण्याआधी संमती, आणि लाभात वाटा. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी, पेटंट मागताना जैविक साहित्य आणि पारंपरिक ज्ञान कुठून घेतलं हे उघड करण्याचा तह स्वीकारला. कागदावर हे ठीक आहे. अडचण अशी की संमती कुणाकडून घ्यायची? सान लोक अनेक देशांत विखुरलेले आहेत, आणि हुडिया त्यांच्याप्रमाणे नामा लोकांनाही ठाऊक होती.

ज्याच्या पानांचा चहा करतात त्या रॉइबॉस झुडपाच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेने निदान या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर काढलं. २०१९ च्या करारानुसार रॉइबॉसवर प्रक्रिया करणारे उद्योग शेतावरच्या खरेदी किमतीच्या दीड टक्का रक्कम देतात, आणि ती सान व खोई या दोन्ही समाजांच्या विश्वस्त निधींत जमा होते. आधी कुणाला कळलं होतं, हा वाद त्यासाठी मिटवावा लागला नाही.